माळावरचं सूप

“झाडलं का, आबा?”

“झाडलं.”

“बुडबुडा?”

“मधोमध हाय.”

“मेंढरं?”

“आज न्हाईत ह्या अंगाला. वगळीच्या पल्याड गेल्यात.”

“बरं. सहा वाजून दहा मिनिटं. पाच मिनिटं आधी बाजूला व्हा.”

“तीस पावलं.”

“तीस पावलं.”

हे बोलणं मी दर बाराव्या दिवशी दुपारी चार वाजता फोनवर करत असे. इकडे मी, मराठीचा गंधही नसलेल्या एका दूरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत संगणकासमोर. तिकडे माणदेशातल्या एका उघड्याबोडक्या माळावर धुळाबा सरगर, सत्तरी ओलांडलेले, कानाला बटणांचा मोबाइल. या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. तरी अजून कुणी केर काढताना दिसलं की ‘बुडबुडा?’ हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत येतो आणि मी तो गिळतो.

आमचा उपग्रह रडारचा होता. साधा कॅमेरा उजेडावर जगतो, ढग आले की त्याचे डोळे मिटले. रडारचं तसं नसतं. ते स्वतःच वरून लहरी सोडतं आणि जमिनीला आपटून परत आलेल्या लहरींवरून चित्र काढतं. ढग, धुकं, अंधार, कशाचीच त्याला पर्वा नाही. पण त्यानं काढलेलं चित्र बरोबर आहे हे ठरवायचं कसं? दुकानदाराच्या काट्यावर सरकारी शिक्क्याचं वजन ठेवून बघतात, तसं ज्याचं माप आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं काहीतरी जमिनीवर ठेवावं लागतं. म्हणून ॲल्युमिनियमचे तीन मोठे त्रिकोणी पत्रे काटकोनात जोडून एक कोपरा करतात आणि उपग्रहाच्या वाटेकडे तोंड करून तो सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी आवळतात. त्यात शिरलेली लहर आल्या वाटेनं माघारी जाते. सपाट माळ चित्रात काळाकुट्ट दिसतो आणि त्या काळ्यात हा कोपरा म्हणजे एकच पांढरा ठिपका. मात्र कोपऱ्यात पाणी नाहीतर पाचोळा साचला, किंवा मेंढरांनी अंग घासून तो जरासा कलला, की ठिपका मंदावतो. म्हणून तिथं राखणदार हवा. बारा दिवसांतून एकदा उपग्रह वरून जायचा, त्या दिवशी कोपरा झाडायचा, त्याला जोडलेल्या पाणसळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आहे ना बघायचा, आणि वेळेला जनावरं आणि स्वतःलाही तीस पावलं लांब ठेवायचं. एवढंच काम.

ऑफिसात आम्ही त्याला रिफ्लेक्टर म्हणत होतो. आबांनी पहिल्याच दिवशी मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “सूप की ओ हे! आभाळ पाखडायला ठिवलंय जनू.” तेव्हापासून ते सूप.

ते बसवायला मी चार दिवस माळावर राहिलो होतो, आबांच्या खोपीत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, स्वतःची मेंढरं विकून टाकलेली, एकुलती लेक छाया म्हसवडला दिलेली. ती सारखी बोलवायची आणि हे जात नव्हते. राखणदारीचं मानधन म्हणून कागद पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. “केर काढायचं काय पैसं घ्यायचं? त्यापरीस एक फोन द्या. माजा म्हशीनं तुडवला.” ऑफिसनं फोन दिला. त्यात मी माझा नंबर घालून दिला आणि एकच बटण दाबून कसा लावायचा ते शिकवलं. त्यांनी मान हलवली, पण स्वतःहून कधी लावला नाही. साहेबाला आपण होऊन फोन करणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. बारा दिवस मोजायची त्यांची रीतही त्यांचीच होती. आठवड्याच्या बाजाराशी किंवा पंधरवड्याशी बाराचं गणित जमत नाही, म्हणून त्यांनी खोपीच्या उंबऱ्यावर बारा खडे मांडले होते. रोज एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवायचा. सगळे डावीकडे गेले की माझा फोन.

पहिलं चित्र आलं तेव्हा मी हौसेनं त्याची मोठी छापील प्रत काढली आणि पोस्टानं पाठवली. पुढच्या फोनवर आबा म्हणाले, “पावलं तुमचं चित्तर. सगळंच काळं हाय की. मधी एक पांढरा टिपका. त्यो मी व्हय?”

“तुम्ही नाही आबा, ते सूप. माणूस दिसत नाही त्यात. पत्रा दिसतो.”

मग म्हणाले, “असू द्या. म्हंजी मी त्येच्या शेजारी उभा हाय. तीस पावलांवर.”

आता माझं सांगतो. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि एकटा होतो. एकटा म्हणजे भाड्याची खोली, एक ताट, एक वाटी आणि दाराबाहेर चपलांचा एक जोड. माणसं वाईट नव्हती तिथली. पण त्यांच्या भाषेत मी भाजी घेऊ शकत होतो, रिक्षा ठरवू शकत होतो, आणि ऑफिसात सगळं इंग्रजीत. आई गेल्यावर घरून फोन येणं थांबलं होतं. काही रविवार असे गेले की सोमवारी सकाळी पहिल्यांदा बोलायला तोंड उघडलं तेव्हा आवाज घोगरा निघाला. स्वतःशी मराठीत बोलायची मला सवय लागली आणि त्या सवयीची मला भीती वाटायला लागली.

त्यामुळे चारचा तो फोन चार वाक्यांत संपेना. “मागल्या खेपंचं आलं का चांगलं?” असं आबा दर वेळी विचारायचे आणि मी “चांगलं आलं” म्हणायचो. मग बोलणं कुठंही जायचं. वगळीत, म्हणजे खालच्या ओढ्याच्या घळीत, तरस दिसला होता. मधाचं पोळं काढताना शेजारच्या वस्तीवरच्या पोराचा ओठ कसा सुजला. छायाच्या नवऱ्याच्या पंक्चरच्या दुकानात बसून लोक किती खोटं बोलतात. मी त्यांना आमच्या मेसच्या सांबाराबद्दल सांगायचो. ते हसायचे आणि म्हणायचे, “साहेब, तुमी हुलग्याचं माडगं प्यालं न्हाईसा अजून.” अर्धा तास कधी निघून जायचा कळायचं नाही. मग अकरा दिवस मी खडे सरकवल्यासारखे काढायचो.

दीड वर्ष असं चाललं. मग एका गणपतीत उपग्रह गप्प झाला. कारण नेमकं कुणालाच सांगता आलं नाही. वीज गेली असावी एवढंच ठरलं. तीन आठवडे आम्ही त्याला हाका मारल्या, उत्तर आलं नाही. वरिष्ठांनी एका बैठकीत प्रकल्प संपल्याचं जाहीर केलं, चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागद आला: ठिकठिकाणचे रिफ्लेक्टर काढून आणावेत. सात ठिकाणं होती. सहा ठिकाणी मी पत्रं पाठवली. सातव्यापुढे, म्हणजे आबांच्या सुपापुढे, लिहिलं, ‘पुढील टप्प्यासाठी जागेवरच ठेवावा.’ पुढला टप्पा नव्हताच. कुणी विचारलंही नाही.

आबांना सांगायचं ठरवून फोन लावला होता. खरंच ठरवलं होतं.

“झाडलं का, आबा?” माझ्या तोंडून निघालं.

“झाडलं. ह्या खेपंला पाखरानं काड्या आणून टाकल्या हुत्या, त्या अलगद काडून बाजूला ठिवल्या.”

“बुडबुडा?”

“मधोमध.”

मी घड्याळाकडे बघितलं. आणि म्हणालो, “सहा वाजून दहा मिनिटं.”

एकदा सांगितलेलं खोटं पुढं सोपं जातं. बारा दिवसांनी परत सहा दहा, आणखी बारा दिवसांनी परत. “मागल्या खेपंचं आलं का चांगलं?” “चांगलं आलं.” आपण कुणाचं काय बिघडवतोय, असं मी मनाला समजावत होतो. म्हाताऱ्याला तेवढाच विरंगुळा.

पण दिवाळीच्या तोंडावर छायाचा फोन आला आणि ते समजावणं फिसकटलं.

“नेर्लेकर साहेब बोलताय का? मी छाया, धुळाबा सरगरांची पोरगी. रागावू नका, पण एक इचारायचं हुतं. आबांना आमी न्ह्यायला आलो की म्हणत्यात, साहेबाचं काम चालू हाय, ते संपलं की लगेच येतो. एकटा माणूस माळावर. ईज न्हाई, शेजार न्हाई. माझा जीव टांगणीला लागतो. तुमचं काम संपणार तरी कवा?”

काम संपून महिना उलटला होता. उत्तर द्यायला मला एक क्षण लागला. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यात माझ्या मनात आबा आलेच नाहीत. मनात आले ते माझे रविवार.

“चालू आहे अजून,” मी म्हणालो.

“बरं,” छाया म्हणाली. “मग काय बोलावं आमी.” आणि तिनं फोन ठेवला.

मला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटून मी काही केलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आबा पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागले होते. सुपात काय काय सापडलं याची त्यांची यादी लांबत चालली होती. कधी मोराचं पीस, कधी सापाची कात. मला वाटायचं, एकटेपणानं म्हातारा बोलका झालाय. आणि त्यांचा एकटेपणा कुणी धरून ठेवलाय हे मला ठाऊक होतं.

चैत्रात छायाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिनं प्रस्तावना केली नाही.

“साहेब, परवा आबा फाट्यावर चक्कर येऊन पडले. एसटीच्या कंडक्टरनं उचलून सावलीत बसवलं. डोक्याला खोक पडलीया. बाराव्या दिशी कुणाचं म्हणून ऐकत न्हाईत. त्ये मशीन तुमच्या कामाचं असंल, पर माणूस बी कुणाच्या तरी कामाचा आसतो का न्हाई?”

परवा माझा बारावा दिवस होता. चार वाजता माझ्याशी बोलताना ते नेहमीसारखे हसले होते. मेंढरं वगळीपल्याड गेल्याचं सांगितलं होतं. चकरेचं एक अवाक्षर काढलं नव्हतं.

मी रजा टाकली. पुढच्या बाराव्या दिवशी आपण स्वतः माळावर असायचं, समोर बसून सगळं सांगायचं आणि संध्याकाळी आबांना घेऊन म्हसवडला सोडायचं, असं ठरवून निघालो. रात्रीची गाडी, मग एसटी, मग दुसरी एसटी. वाटेत काय बोलायचं त्याची उजळणी करत होतो. इतक्या वेळा केली की शेवटी त्यातला अर्थच निघून गेला.

फाट्यावर उतरलो तेव्हा अडीच वाजत आले होते. तिथून माळापर्यंत पाऊण तासाची चाल. ऊन अंगात शिरत होतं आणि झाड म्हणावं तर खोपीमागची एक बाभूळ. लांबून खोप दिसली. तिच्या पलीकडे सूप चकाकायला हवं होतं, तिकडे काही चकाकत नव्हतं. मला वाटलं, दिशा चुकली.

दिशा चुकली नव्हती. खोपीला कडी घातलेली होती आणि कडीला गंजकं कुलूप. उंबऱ्यावर एकही खडा नव्हता. चौथरा जागच्या जागी होता. त्यातून चार बोल्ट वर आलेले, दोन कापलेले, दोन वाकलेले. सूप नव्हतं.

मी चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. कुणीतरी पत्रे नेले होते, आणि आजकालचं नव्हतं ते. कापलेल्या टोकांवर गंज चढला होता. खोपीच्या दारात कोळ्यानं घर केलं होतं, सगळीकडे धुळीचा थर आणि लेंड्या. पण चौथरा स्वच्छ होता. सिमेंटवर केरसुणीचे फराटे उमटलेले दिसत होते. इथं कुणी राहत नव्हतं, तर मग दर बाराव्या दिवशी मी कुणाशी आणि कशाबद्दल बोलत होतो?

बाभळीच्या सावलीत खोपीच्या आडोशाला बसलो. साडेतीनला फाट्याच्या वाटेवर एक काळा ठिपका दिसला. तो मोठा होत होत माणूस झाला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, काखेत पिशवी. दर वीस-पंचवीस पावलांवर तो थांबत होता.

आबा होते ते. दोन वर्षांपूर्वीपेक्षा बरेच वाकले होते. मी बसलोय ते त्यांना दिसलं नाही. पिशवीतून त्यांनी केरसुणी काढली आणि चौथरा झाडायला सुरुवात केली. आधी मधला भाग, मग चारी कोपरे, मग बोल्टांच्या बुडाशी अडकलेलं गवत बोटानं उकरून काढलं. केरसुणी पिशवीत ठेवली. मग चौथऱ्याच्या कडेला बसून मोबाइल बाहेर काढला आणि तो दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत राहिले.

चार वाजले. मी नंबर लावला आणि समोर माळावर फोन वाजला.

“झाडलं का, आबा?”

“झाडलं.” फोनमधून आणि वाऱ्यावरून, दोन्हीकडून मला ऐकू आलं.

“बुडबुडा?”

त्यांनी चौथऱ्याकडे मान वळवून बघितलं. खरोखर बघितलं. “मधोमध हाय.”

“मेंढरं?”

“न्हाईत आज. वगळीच्या पल्याड.”

पुढचं वाक्य वेळेचं होतं. ते मला बोलवेना.

“साहेब? आवाज यीना तुमचा. सहा धा न्हवं?”

मी फोन कानाला तसाच धरून सावलीतून बाहेर आलो. आबांनी मला बघितलं. ते उठायला गेले आणि चौथऱ्याला धरून परत बसले.

“आलासा व्हय,” ते एवढंच म्हणाले. अजून फोनमध्येच बोलत होते.

मी शेजारी बसलो. कपाळावर, टॉवेलखाली, खोक भरून आल्याची खूण होती. माझी बाटली त्यांना दिली. ते थोडं पाणी प्याले आणि उरलेलं माझ्याकडे सरकवलं.

“कधी गेलं?” मी विचारलं.

“दिवाळीत. पाडव्याला लेकीकडं जेवाय गेल्तो. रातच्याला राहिलो. सकाळी येऊन बगतोय तर बोल्ट कापलेलं.” त्यांचा आवाज खाली गेला. “तवाच सांगाय पायजे हुतं तुमाला. पर वाटलं, सरकारी वस्तू. तुमी भरवशावर टाकून गेल्तासा. तुमच्या नोकरीवर काय आलं तर? लेकीला बी दम भरला, साहेबापाशी बोलायचं न्हाई म्हणून. मग राखायलाच काय उरलं न्हाई, तवा म्हसवडला गेलो ऱ्हायला.”

“मग इथं का येत होता? एसटीनं, एवढ्या उन्हात?”

“तुमी झाडलं का म्हणून इचारणार,” आबा म्हणाले. “हितं आल्याबिगर झाडलं म्हणायचं कसं? बुडबुड्याचं खोटं बोलावंच लागायचं. मग निदान झाडल्याचं तरी खरं असाया नगं?”

“आणि ते मोराचं पीस? सापाची कात?”

“त्ये हितंच पडलेलं घावायचं.” ते खजील होऊन हसले. “सुपात न्हाई, एवढंच.” मग बराच वेळ चौथऱ्यावरून हात फिरवत राहिले. “आणिक एक सांगू? नोकरीचं खरं हाय, पर ते निम्मंच. तितं दोन खोल्या. पोरं शाळंत, जावई दुकानात, छाया शिवनकामात. चांगली हायती सगळी, पर बोलणार कोन? टीव्हीम्होरं बसवत्यात. सूप न्हाई म्हणलं असतं तर तुमी फोन कशापायी केला असता?”

इतका प्रवास करून, इतकी उजळणी करून आलो होतो. त्यातलं एक वाक्य आठवेना.

“आबा,” मी म्हणालो, “उपग्रह नाहीये.”

“म्हंजी?”

“बंद पडला. मेला. आता वरून काहीच जात नाही. चित्रं येत नाहीत.”

“कवा?”

“गणपतीत.”

त्यांनी बोटांवर मोजलं. गणपती, दसरा, दिवाळी. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मी असे कधी बघितले नव्हते.

“म्हंजी मी उन्हातान्हात ह्या दगडाला उराशी धरून बसतोय, फाट्यावर डोकं फोडून घेतोय, आन् वर काय न्हाईच?”

“नाही.”

“आन् तुमी सहा धा, सहा धा करत हुतासा!”

“हो.”

“लेकीला बी खोटं सांगितलंसा. दिवाळीच्या आदी. ती रडली हुती त्या दिशी.”

“हो आबा. मला तिकडे मराठीत बोलायला कुणी नाही. तुमच्याशिवाय कुणीच नाही. म्हणून. माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही.”

ते उठले. आता निघून जातील असं मला वाटलं, आणि गेले असते तर त्यांचं चुकलं नसतं. आठ-दहा पावलं जाऊन पाठमोरे उभे राहिले. टॉवेल सोडला, तोंड पुसलं, पुन्हा गुंडाळला. माळावर वारा सोडून कशाचाही आवाज नव्हता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून उठलो. जवळ जाऊन बघतो तर म्हातारा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“वर काय न्हाई,” त्यांनी आभाळाकडे हात केला. मग चौथऱ्याकडे. “खाली बी काय न्हाई. आन् बुडबुडा म्हणं मधोमध!”

मग मीही हसलो. हसता हसता रडलो, खरं म्हणजे. आईच्या वेळी रडलो नव्हतो तेवढा. आबांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, जनावराला मारतात तशा, आणि पिशवीतून भाकरी काढली. छायानं दोन दिल्या होत्या, लसणाच्या चटणीबरोबर. एक एक खाल्ली. पिशवीत तळाशी एक घडी घातलेला कागद होता, घड्यांवर झिजून पांढरा पडलेला. ते चित्र. सगळं काळं आणि मध्ये एक ठिपका.

“छायाला मी सांगतो,” मी म्हणालो. “तिच्यासमोर, आजच. आणि पुन्हा इथं यायचं नाही तुम्ही. मी फोन म्हसवडच्या घरी करीन.”

“बाराव्या दिशी?”

“रोज करा म्हणालात तर रोज करीन.”

“रोज नगं.” आबांनी विचार करून सांगितलं. “रोज काय बोलायचं? बाराव्या दिशीच बरं. तवर काय तरी साठतं.”

तो फोन पुढं सहा वर्षं चालला. ते शेवटचं छायाच्या अंगणात बाजेवर पडून बोलले तोपर्यंत. पण मला फोनचं सांगायचं नव्हतं, त्या संध्याकाळचं सांगायचं होतं.

भाकरी खाऊन आम्ही चौथऱ्याला टेकून बसलो होतो. सावल्या लांब झाल्या. फाट्यावर पावणेआठला शेवटची एसटी होती, घाई नव्हती. बोलता बोलता आबा मध्येच थांबले.

“किती वाजलं?”

मी घड्याळ बघितलं. “सहा वाजून चार मिनिटं.”

आबा उठले. हात पुढे करून त्यांनी मलाही उठवलं. पिशवी, बाटली, कागदाची घडी, सगळं गोळा केलं. “बाजूला व्हा, साहेब.”

दोघं चालायला लागलो. ते मनात पावलं मोजत होते, ओठ हलत होते. तिसाव्या पावलाला थांबून ते वळले, मीही वळलो. समोर झाडलेला चौथरा होता, चार तुटके बोल्ट होते आणि वर मोकळं आभाळ. उपग्रह जाईपर्यंत हलायचं नाही हा नेहमीचा नियम होता, म्हणून हललो नाही. घड्याळात सहा दहा झाले, सहा अकरा झाले.

“आलं का चांगलं?” आबांनी विचारलं.

“चांगलं आलं,” मी म्हणालो.